ताडावरचा निरोप्या

उधव्याच्या बाजारापासून आत वळलं की काही अंतरावर एक टेकडी आडवी येते. टेकडीच्या अलीकडे कोंडपाडा, पलीकडे सागपाडा. कोंडपाड्यात लाहूच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर, तेही पश्चिमेच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर मोबाइल लागतो. सागपाड्यात तो कुठेच लागत नाही. टॉवर एका बाजूला आणि पाडा टेकडीच्या आडोशाला. दोन्ही पाड्यांच्या मधोमध, खिंडीत, एक उंच ताड आहे. सकाळ-संध्याकाळ त्या ताडाच्या शेंड्यात एक माणूस बसलेला दिसला, तर समजावं की निरोपांची ने-आण सुरू आहे.

त्या माणसाचं नाव हाल्या. काम ताडी काढण्याचं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने सडसडीत, पोटऱ्या बांबूच्या गाठीसारख्या घट्ट. बायको चिमी बरीच वर्षं झाली, तापाने गेली. मुलगा दीपेश सीमेपलीकडे गुजरातेत कारखान्यात कामाला असतो, बायको-पोरांसह तिकडेच राहतो. हाल्या कोंडपाड्यात एकटा राहत होता. सकाळी ताडावर चढायचं, फुलोरा कोयत्याने ताजा छाटायचा, भरलेलं मडकं दोरीने खाली सोडायचं, रिकामं बांधायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात भाताची खाचरं आणि थोडी नागली.

आता माझा संबंध कसा आला ते सांगतो. मी डहाणूला एका फळविक्री संस्थेत हिशेब पाहतो आणि सरावलीला राहतो. तरुणपणापासून मला बिनतारी संदेशाची हौस. रीतसर परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवानाही घेतला आहे. आपला आवाज कुठून कुठे पोहोचतो हे आजमावत हिंडण्यात या छंदाचा निम्मा आनंद असतो. परवाना न लागणाऱ्या, कमी ताकदीच्या वॉकीटॉकी बाजारात आल्या तेव्हा मी एक जोडी घेतली. एका रविवारी माझी बायको सुषमा एक वॉकी घेऊन उधव्याच्या बाजारात थांबली आणि दुसरी घेऊन मी या खिंडीत आलो.

बटण दाबून मी बोलत होतो आणि उलट नुसती खरखर येत होती. आवाज वाढवून पाहिला, जागा बदलून पाहिली. शेवटी मी जवळजवळ ओरडायला लागलो, तेव्हा डोक्यावरून आवाज आला.

"काय रे, कोणाशी भांडतोस?"

वर पाहिलं तर ताडाच्या पानांतून दोन पाय लोंबत होते.

"भांडत नाही, बायकोशी बोलतोय."

"तेच म्हटलं मी," वरचा आवाज म्हणाला. "ती कुठे आहे?"

"उधव्याच्या बाजारात."

"बाजार मला इथून दिसतो. वर ये."

मी ताडाला बांधलेल्या बांबूच्या शिडीकडे पाहिलं. बांबूच्या फांद्या छाटून पायापुरते खुंट ठेवलेले, बस्स. म्हटलं, "मला नाही जमणार."

"मग ते डबडं पाठव."

त्याने दोरीने मडकं खाली सोडलं. मी वॉकी मडक्यात ठेवली, बटण कुठलं ते ओरडून सांगितलं. वॉकी डुलत डुलत वर गेली. थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज ऐकू आला, "बाय, तुझा नवरा खाली उभा आहे. काय सांगू?"

आणि सुषमाचा आवाज इतका स्वच्छ आला की मला खालीसुद्धा ऐकू आला. "त्यांना विचारा, मेथी घेऊ की चवळी?"

हाल्याने खाली वाकून विचारलं, "मेथी का चवळी?"

"चवळी!"

"चवळी सांगतो तो," हाल्या वॉकीत म्हणाला. मग स्वतःशीच एवढा हसला की पानं हलली.

त्या दिवसापासून ताडावर वॉकी आली. आणखी दोन घेतल्या. एक कोंडपाड्यात लाहूच्या दुकानात, एक सागपाड्यात रखमीकडे. लाहू विधुर, गप्पिष्ट, त्याचं दुकान म्हणजे पाड्याची चावडी. रखमी सागपाड्याच्या अंगणवाडीत मदतनीस. नवरा वारून खूप वर्षं झाली, मुलीचं लग्न होऊन ती तलासरीला गेली. पोरांना हाका मारून मारून तिचा आवाज असा तयार झाला होता की तिला वॉकीची गरजच काय, असं लोक म्हणत. दुकानातून सागपाड्याला थेट आवाज जात नाही, टेकडी मधे येते. पण दोन्ही ठिकाणांहून ताडाचा शेंडा दिसतो. म्हणजे शेंड्यावरच्या माणसाने एकीकडून ऐकायचं आणि दुसरीकडे सांगायचं.

पहिला आठवडा नुसता गोंधळ झाला. सगळे एकदम बोलायचे. मी शिस्तीचा माणूस, मी नेम घालून दिले. कोंडपाड्यासाठी एक चॅनल, सागपाड्यासाठी दुसरं. हाल्याने वॉकीच्या डोक्यावरचं बोंड फिरवून हवं ते लावायचं. निरोप देताना आधी कुणाचा ते नाव, मग कुणाला ते नाव, मग निरोप. आणि बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. हा शेवटचा नेम त्यांनी लगेच बदलला. रखमीने विचारलं, "ओव्हर म्हणजे काय?" मी सांगितलं, "माझं बोलून झालं." ती म्हणाली, "मग 'झालं' म्हणू की." तेव्हापासून 'झालं' चालू आहे. समोरच्याने 'झालं' म्हटल्याशिवाय आपण बटण दाबायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी फार मनावर घेतलं.

हाल्याने स्वतःचा एक नेम त्यात घातला. निरोप जसा येईल तसाच द्यायचा. कमी नाही, जास्त नाही, आणि सूरही तोच. मागे सागपाड्याच्या नवशीने नवऱ्याला, म्हणजे सुक्याला निरोप धाडला. सुक्या उधव्याला टेम्पो चालवतो आणि संध्याकाळी लाहूच्या ओट्यावर बसून राहतो. हाल्याने ताडावरून निरोप दिला तो असा (बोलणं त्यांच्या बोलीत होतं, मी ते माझ्या मराठीत आणतो आहे):

"नवशीचा निरोप सुक्याला. अरे आळशा, लाकडं कोण फोडणार, तुझा आजा? ओट्यावर बसून कुल्ले झिजले असतील तर घरी ये. येताना सुके बोंबील आण. विसरलास तर तुलाच वाळत घालीन. झालं."

सगळं दुकान खिदळलं. सुक्या बटण दाबून ओरडला, "हाल्या, तोंड सांभाळ!"

"तोंड माझं आहे, शिव्या तुझ्या घरच्या आहेत. उत्तर काय देऊ? झालं."

"सांग, येतो म्हणून. झालं."

"येतो हे नुसतं, की चिडून? झालं."

"…नुसतं. झालं."

अशा माणसावर लोकांचा विश्वास बसतो. पोराचा ताप, एसटी चुकली, म्हशीला रेडकू झालं, तलासरीहून डॉक्टर येणार आहेत, भावाचं भांडण मिटलं, सगळं त्याच्या तोंडून इकडचं तिकडे जायचं आणि वाटेत काही सांडायचं नाही.

छंद म्हणून तो यात रमला तो वेगळाच. थंडीच्या स्वच्छ सकाळी त्याच चॅनलवर लांबचे आवाज यायचे. सीमेपलीकडे कुठल्याशा लग्नाच्या हॉलवर असल्याच वॉकी वापरतात. तिथला आचारी आणि वाढपी यांचं गुजराती बोलणं हाल्या नागलीची भाकर खात ऐकत बसायचा. "शाक खलास, जल्दी मोकलो!" असं तिकडून आलं की खाली मला सांगायचा, "भाऊ, भाजी संपली त्यांची." एकदा न राहवून त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "अमने पण मोकलो!" आम्हालाही पाठवा!  पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोण बोले छे?" हाल्याने उत्तर दिलं, "ताड परथी हाल्या. झालं." त्यानंतर कितीतरी दिवस तो त्या आचाऱ्याला सकाळी 'केम छो' करत होता. चेहरा कधी पाहिला नाही, पण त्या हॉलवर कुठल्या दिवशी काय बेत आहे हे कोंडपाड्याला माहीत असायचं.

मी दर रविवारी बॅटऱ्या तपासायला जायचो. गेल्या मेमधल्या एका रविवारी सकाळी ताडाखाली बसलो होतो. हाल्या अजून चढला नव्हता. कोयत्याला धार लावता लावता त्याने विचारलं, "भाऊ, ह्याच्यातून आपला निरोप पाठवता येतो काय रे?"

"कुणाचा?"

"आपला. स्वतःचा."

"का नाही येणार? बटण तेच."

"तसं नाय. दुसऱ्याचं बोलताना तोंड आपोआप चालतं. आपलं बोलायला गेलं की…" त्याने कोयता उलटा करून पाहिला. "ताड आता बंद होईल. पाऊस लागला की खोड निसरडं. मग दिवाळीपर्यंत वर नाय, वॉकी नाय. तोवर ती कोणाशी बोलेल, मी कोणाशी बोलू?"

ती कोण हे मी विचारलं नाही. सागपाड्याच्या चॅनलवर एकच वॉकी होती. रोजचे निरोप संपल्यावर दोघं किती वेळ बोलतात, हे बॅटऱ्या किती उतरतात त्यावरून मला आधीच कळलं होतं. भात कोणता लावायचा, चिमी कशी होती, रखमीच्या मुलीची सासू कशी आहे, आभाळ कसं आहे. पण हे बोलणं निरोपाच्या शेपटासारखं यायचं. नुसतं तेवढ्यासाठी कुणी बटण दाबलेलं नव्हतं.

"सरळ सांग," मी म्हटलं. "नाव घे, निरोप दे."

तो चढला. रोजच्यापेक्षा हळू चढला. मडकं बदललं. कोंडपाड्याचे निरोप घेतले, सागपाड्याला दिले. त्याची वॉकी नेहमी पूर्ण आवाजात असते, त्यामुळे खाली मला सगळं ऐकू येत होतं. शेवटचा निरोप झाल्यावर त्याने मडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. मग त्याचा आवाज आला.

"रखमीला निरोप. दोन घरी दोन चुली कशाला पेटवायच्या? एकच पेटवू. झालं."

मी खाली कपाळाला हात लावला. नाव राहिलं! माझ्या टेबलावर नाव नसलेलं बिल आलं तर मी ते परत पाठवतो. इथे तर साक्षात नेम शिकलेल्या माणसाने नेम मोडला होता.

तिकडून रखमीचा आवाज आला, "कोणाचा निरोप? झालं."

हाल्याने वॉकी बंद केली आणि सरसर खाली उतरला. एवढ्या वेगाने मी त्याला कधी उतरताना पाहिलं नव्हतं.

"नाव नाही घेतलंस!"

"सुटलं," तो म्हणाला. चेहरा घामाने डबडबलेला. "ऐकलं ना तिने?"

"ऐकलं. पण कुणाचं ऐकलं?"

हा प्रश्न सागपाड्यालाही पडला होता. रखमीच्या अंगणात त्या वेळी नवशी आणि आणखी चार-दोन बाया बसल्या होत्या. दिवसभर तिथे काय चाललं ते नवशीने मला नंतर सांगितलं. निरोप ताडावरून आला, म्हणजे कोंडपाड्यातून आला. कोंडपाड्यात वॉकी लाहूच्या दुकानात. लाहू विधुर. दोन दुणे चार. हाल्याचं नाव कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तार कधी स्वतःचा निरोप पाठवते का? बाया रखमीला चिडवू लागल्या. "आता काय, गूळ फुकट!" "साखरेच्या पोत्यावर बसशील!" रखमी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. नवशी म्हणाली, "सारखी ताडाकडे बघत होती, मला वाटलं उन्हाने डोळे बारीक केलेत."

मी दुपारी हाल्याकडेच जेवलो. भात, चवळीची आमटी आणि बोंबील. त्याने दोन घास खाल्ले. मी म्हटलं, "संध्याकाळी नाव सांगून टाक." तो म्हणाला, "ती नाय म्हणाली तर रोज चढून काय ऐकायचं?"  ताड, वॉकी, टेकडी, सगळं तेच राहणार होतं. फक्त ते शेपटाचं बोलणं गेलं असतं.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही खिंडीत आलो. तो चढला, मी खाली दगडावर माझी वॉकी ठेवून बसलो. त्याने सागपाडा लावला. रखमी वाटच पाहत असावी.

"रखमीचा निरोप लाहूला," तिचा खणखणीत आवाज आला. "तुझा तराजू अंगठा ठेवल्याबिगर खाली येत नाय. असल्या घरात माझी चूल पेटायची नाय. झालं."

मी वर पाहिलं. हाल्याने पानाचा देठ धरून डोळे मिटले होते. सकाळपासूनचा त्याचा जीव परत जागेवर आला असावा. पण दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं, निरोप पोहोचवायचा आहे. त्याने खाली माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे द्यायचं काय रे?"

"नेम तुझाच आहे. कमी नाही, जास्त नाही."

त्याने बोंड फिरवलं आणि लाहूला निरोप दिला. तराजू, अंगठा, चूल, सगळं. आणि 'नाय'वर रखमीने दिला होता तसाच झटका.

दुकानाच्या बाजूने आधी पाठीमागचं हसणं ऐकू आलं, मग लाहू. "कसली चूल? कोणी विचारलं तिला? हाल्या, दुकान भरलेलं आहे रे! माझा तराजू काढलान तिने सगळ्यांसमोर! तिला सांग, लाहूने काय विचारलं नाय. आणि विचारायचं असतं तर डबड्यातून नसतं विचारलं, कोंबडा घेऊन दारात आलो असतो. झालं. नाय, थांब, झालं नाय. अंगठा मी कधीच ठेवत नाय. आता झालं."

मागून सुक्याचा आवाज आला, "कधीच?" आणि पुन्हा हसण्याचा गदारोळ.

हाल्याने हेही जसंच्या तसं सागपाड्याला पोहोचवलं, 'आता झालं'पर्यंत.  मग रखमी बोलली, आणि आता तिचा आवाज मघासारखा मोठा नव्हता.

"मग सकाळचा निरोप कोणाचा? नाव नसलेला निरोप द्यायचा नाय, हा नेम ना? नाव सांग. नाय तर निरोप मागे घे. झालं."

 हाल्याने बटणावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मी माझी वॉकी दगडावरच राहू दिली. निरोप माझा नव्हता.

"हाल्याचा निरोप," तो म्हणाला, आणि मधेच त्याचा आवाज मोकळा झाला, नवशीच्या शिव्या पोहोचवताना असतो तितका मोकळा. "हाल्याचा निरोप रखमीला. दोन घरी दोन चुली कशाला? एकच पेटवू. सकाळी नाव सुटलं. झालं."

खरखर. मग रखमी, "हाल्या, उतरू नको. तिथेच थांब. मला बोलायचं आहे."

आणि आवाज बंद. 'झालं' नाही.

हाल्या वॉकी कानाला लावून बसला. 'झालं' आलं नव्हतं, म्हणजे तिचं बोलणं चालू होतं, म्हणजे बटण दाबायचं नाही. एक कावळा येऊन त्याच्याकडे पाहून गेला. माझ्या वॉकीवर कोंडपाड्याच्या चॅनलवरून लाहूचा तुटक आवाज येत होता. "हाल्या, अरे कोणी विचारलं मग? … दुकानातनं कोणी घरी जायला तयार नाय … चहा ठेवायला लावला मला …" मी सांगितलं, "थांबा. चालू आहे."

बऱ्याच वेळाने रखमीचा आवाज आला, धापा टाकत. "थांबलायस ना? अजून संपलं नाय."

हाल्याने वर बसल्या बसल्या मान हलवली. मी मोठ्याने हसलो तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, "श्श, भाऊ. ती बोलते आहे."

मग पायवाटेच्या वळणावर ती दिसली. हिरवं लुगडं, हातात वॉकी, मागे नवशी आणि अंगणातल्या सगळ्या बाया. म्हणजे सागपाड्यातून ती थेट चढ चढून आली होती. मी उठून बाजूला व्हायला लागलो.

"बस भाऊ," रखमी म्हणाली. "वॉकी तुझीच आहे."

ती ताडाच्या बुंध्याशी आली, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि एवढ्या जवळूनही बटण दाबूनच बोलायला लागली. मी माझ्या वॉकीवर तेवढ्यात सागपाडा लावला होता, त्या वॉकीने अशी काही कर्कश शिट्टी मारली की बाया कान झाकून ओरडल्या. मी ती झटकन बंद केली.

"सकाळी नाव का नाय सांगितलंस?" रखमीने विचारलं.

हाल्याने वरून वॉकीकडे बोट दाखवलं.

"बोल की!"

त्याने पुन्हा बोट दाखवलं. आधी नवशीच्या लक्षात आलं. "अगं, तू 'झालं' म्हटलं नायस!"

बाया हसून हसून खाली बसल्या. रखमीलाही हसू फुटलं, पण तिने बटण सोडलं नाही.

"नाय म्हटलं, आणि म्हणणारही नाय एवढ्यात. ऐक. माझं घर मी सोडणार नाय. अंगणवाडी सोडणार नाय. तू यायचंस तिकडे. ताड मधेच आहे, तो काय कोंडपाड्यात उगवलेला नाय. आणि तीन वर्षं तुझ्या तोंडून सगळ्या जगाचं ऐकलं मी. सुक्याच्या टेम्पोचं टायर, लाहूच्या दाढेचं दुखणं. तुझं एक वाक्य येईल म्हणून सगळं ऐकून घेतलं. आलं ते बिननावाचं." ती थांबली. पदराने कपाळ पुसलं. "झालं."

हाल्याने बटण दाबलं. "हाल्याचा निरोप रखमीला. ऐकलं. येतो. झालं."

"अरे मग उतर की आता!" नवशी ओरडली.

"लाहूचं उत्तर राहिलं आहे," वरून आवाज आला. "त्याला काय सांगू?"

रखमीने जरा विचार केला. "सांग, चूक झाली. दुसऱ्याचं त्याच्यावर घातलं. गूळ घ्यायला मीच येईन."

निरोप गेला. लाहूचं उत्तर आलं, "ये म्हणावं. पण अंगठ्याचं मागे घे. झालं."

"ते नाय घेत," रखमी खालून म्हणाली, आणि हाल्याने तेही पोहोचवलं.

मग त्याने मडकं खाली सोडलं. त्या संध्याकाळची ताडी सगळ्यांनी तिथेच पानाच्या द्रोणांत घेतली. मी घेत नाही, पण द्रोण धरून बसलो.

हाल्या सागपाड्याला राहायला गेला. पुरुषाने बाईच्या घरी जाऊन राहिलं तर तिथे कुणाला वावगं वाटत नाही. संसार आधी, भिंतीवर लिहायचा लग्नाचा चौक आणि गाणी सवडीने, हीही तिथली जुनी रीत. लग्न लावणारी धवलेरी मोकळी झाली की ते होईल. दीपेशने लाहूच्या फोनवर फोन करून निरोप ठेवला होता तो असा: "दीपेशचा निरोप बाबाला. बरं झालं. आता रोज जेवलास काय म्हणून मला विचारायला नको. झालं." लाहूने पुढच्याच महिन्यात आकडे दाखवणारा नवा काटा आणला आणि आकड्यांची बाजू गिऱ्हाइकाकडे करून ठेवला. त्यावर पहिला गूळ रखमीने घेतला. तोलून झाल्यावर तिने लाहूचे दोन्ही हात वर करायला लावले, असं सुक्या सांगतो.

दिवाळीनंतर ताड पुन्हा सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम गेलो. बॅटऱ्या नव्या घातल्या. हाल्या वर गेला, कोंडपाड्याचे निरोप घेतले, सागपाड्याला दिले, आचाऱ्याला 'केम छो' केलं. उतरायच्या आधी त्याने बोंड पुन्हा सागपाड्यावर फिरवलं.

"हाल्याचा निरोप रखमीला. भात उतरव. येतो. झालं."

"अरे, आता घरातला झालास," रखमी म्हणाली. "रोज रोज नाव कशाला सांगतोस? झालं."

"एकदा सोडलं तर निरोप लाहूच्या गळ्यात घातलास. झालं."

तिकडून उत्तर आलं नाही, नुसतं हसणं आलं. बटण दाबलेलंच होतं, आणि 'झालं' काही ती म्हणेना. हाल्या वॉकी कानाशी धरून वर बसून राहिला. खाली मी रिकामं मडकं मांडीवर घेऊन, तो कधी उतरतो याची वाट पाहत.